सोबत कोण आलंय

११ जून, मंगळवार. लातूर
आज परत संडासला रक्त. आता भीती वाटत नाही, नुसता कंटाळा येतो. बाहेर आलो तर अप्पा बाजेवर बसलेले. भूकंपात गाव गेल्यापासून त्यांना स्लॅबखाली झोप लागत नाही. अंगणातच असतात, त्यामुळं कोण किती वेळ आत बसलं ते त्यांना बरोबर ठाऊक. "मन्मथ, तिखट कमी कर." एवढंच. घरात सगळ्यांना माझी मूळव्याध माहीत. एचआयव्हीच्या गोळ्या कुणालाच माहीत न्हाईत.

माय क्लासच्या पोरांचे डबे करते, मी पोचवतो. स्कूटीवर तिरका बसून. एक पोरगं म्हणालं, "दादा, रेसला निघाले का?" शिवी दिली. मायच्या गिऱ्हाइकाला शिवी. संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेलं.

मुदखेडच्या वैदूचा मलम संपला. फरक शून्य. आता गाठीसारखं हाताला लागतं, ते आधी नव्हतं.

श्रीचा फोन नाही.

१४ जून, शुक्रवार
श्रीची सोयरीक ठरली. बिलोलीची पोरगी. मला बाहेरून कळलं, डबे देताना, त्याच्याच क्लासच्या शिपायाकडून.

नांदेडला मी इंजिनिअरिंगला, श्री सायन्सला, तेव्हा आम्ही एका खोलीत. हॉस्टेलवरचा एकजण आम्हा दोघांवर घाण बोलला, मी त्याचा दात पाडला. कॉलेजवाले माफी माग म्हणाले. न्हाई मागितली. कॉलेज सुटलं. श्रीनं मात्र एमएस्सी पूर्ण केलं आणि लातुरात क्लासवर बायोचा सर झाला. मला वाटलं माझ्यासाठी आला. पगारासाठी आला होता.

आज क्लासमागं गाठलं त्याला. हळू बोल, हळू बोल, एवढंच म्हणत होता. गाठीचं सांगितलं. म्हणे मूळव्याधच असणार, बसून बसून होते. मी म्हणालो, दिवसभर स्कूटीवर फिरतो, बसतो कुठं? मग तासाची घंटा झाली. पोरं आत गेली, तोही गेला. फळ्यावर विषाणूचं चित्र काढत होता, खिडकीतून दिसलं. छान काढतो.

१७ जून, सोमवार. नांदेड
गोळ्यांचा दिवस. केंद्र लातुरातही हाय, पण तिथं कुणी रांगेत बघितलं तर मायची मेस बंद. म्हणून मी नांदेडला येतो. नांदेडचे लातूरला जातात म्हणे. वाटेत आमच्या एसट्या समोरासमोर येत असतील. आज मी अहमदपूरपर्यंत उभाच.

कौन्सिलर मॅडम खूश. व्हायरल लोड दिसत नाही इतका खाली. "शाब्बास मन्मथ." मग नेहमीचं: खोकला? ताप? वजन? मागच्या बाजूचं कोण विचारणार. पहिल्या दिवशी कसं झालं विचारलं तेव्हा मीच सांगितलं होतं, ढाब्यावरची बाई. तेव्हापासून इथं मी बाईवाला.

गोळ्या घेऊन गेटपर्यंत गेलो. समोर एसटी उभी, आणि ते बाकडं, त्याच्यावर बसायचं... परत फिरलो. आज नवीन डॉक्टरबाई होत्या. बसा म्हणाल्या. उभाच राहिलो. म्हणालो,

"बाई नव्हती मॅडम. कधीच नव्हती."

त्यांनी पेन खाली ठेवला. "बरं. मग मला आत्ताच तपासावं लागेल."

बोट, नंतर नळी. लाज वाटेल वाटलं होतं. दुखण्यापुढं लाजेला जागाच नव्हती. मग सर्जनला बोलावलं. त्यांनीही बघितलं. दोघं इंग्रजीत बोलले, मला एकच शब्द कळला आणि तो कळला नसता तर बरं.

नंतर मॅडमनी नीट सांगितलं. मूळव्याध नाही. एचपीव्ही नावाचा दुसरा विषाणू आहे, मोसांचा, म्हणजे चामखिळींचा. लई जणांच्या अंगात येतो आणि निघून जातो. आपल्यासारख्या एचआयव्हीवाल्यांच्या अंगात ठाण मांडतो. मी म्हणालो, मग गोळ्या इमानदारीनं खाल्ल्या त्या कशाला? म्हणाल्या, "गोळ्यांनी पहिला दबला, म्हणून तर तुम्ही चालत आलात. त्या दुसऱ्याला मारत नाहीत. धोका कमी करतात, संपवत नाहीत. तुम्ही सुरूही उशिरा केल्या." कॅन्सरच्या आधीची पायरी असते, तिथं सापडलं तर तिथंच काढता येतं. पायरी कुठली, ते तुकडा काढून तपासल्यावर.

बाहेरून सर्जनचा आवाज: कमरेत इंजेक्शन देणार, सोबत घरचं माणूस लागेल. त्याशिवाय टेबलावर घेत नाहीत.

घरचं माणूस.

मॅडम शेवटी म्हणाल्या, जोडीदार असेल तर त्यालाही तपासायला सांगा. एचआयव्ही नसला तरी.

२० जून, गुरुवार. लातूर
अप्पांना सांगायचं ठरवलं होतं. पहाटे बाजेजवळ उभा राहिलो. ते म्हणाले टँकर आला का बघ. बघायला गेलो.

मायला सांगू? तिच्या ओट्यावर पीठ, चार शेगड्या पेटलेल्या. "मन्या, कोथिंबीर निवड." निवडली.

२४ जून, सोमवार
श्रीला सगळं सांगितलं. स्टँडमागच्या रसवंतीवर, भर दुपारी. ऐकून घेतलं त्यानं. रस प्यायला नाही. माझं एचआयव्हीचं कळलं तेव्हा त्याचं निगेटिव्ह आलं होतं, तेच धरून बसला. "मला काही नाही रा मन्या." तेलुगू येतं त्याच्या तोंडात, घाबरला की.

मी म्हणालो, मला तुझं लग्न मोडायचं न्हाई. (मोडायचंच होतं. पण त्या वेळी खरंच नव्हतं.) फक्त तपासून घे. आणि तीन तारखेला ऑपरेशनला माझ्यासोबत चल, घरचं म्हणून.

"घरचं म्हणून कसं येऊ? कोण लागतो म्हणून सांगू?"

"दात पडला त्याला विचार, तो सांगेल कोण लागतोस ते."

ग्लास आपटला मी. फुटला. रसवंतीवाल्याला पैसे त्यानंच दिले, आणि गेला. काचा मी वेचल्या.

२ जुलै, मंगळवार
उद्या ऑपरेशनची तारीख. श्री फोन उचलत नाही. मायला सांगितलं, कॉलेजची कागदं आणायला नांदेडला चाललो, मुक्काम पडेल. माय एकदम खूश. परत शिकणार का रे? हो म्हणालो. थकलो खोटं बोलून बोलून.

कुणीच नसलं तर वॉर्डबॉयला म्हणावं, चुलता हो एक दिवस.

४ जुलै, गुरुवार. नांदेड, वॉर्ड
काल लिहायचं जमलं नाही. पडून राहायला सांगितलं होतं, डोकं उचलायचं नाही.

काल सकाळी सिस्टरनी दारातून विचारलं, मन्मथसोबत कोण आलंय? मी कुणी नाही म्हणणार, तेवढ्यात जिन्याकडून, "मी." श्री. क्लासवरच्याच इस्त्रीच्या शर्टात, हातात खडूची पांढरी भुकटी तशीच. सिस्टर म्हणाल्या, कोण लागता? तो माझ्याकडं बघत राहिला. मी काही सुचवलं नाही. लई राग होता अजून.

"घरचा आहे," म्हणाला.

सिस्टरना तेवढं पुरलं.

इंजेक्शननं कमरेखाली सगळं बधिर झालं. आपलेच पाय दुसऱ्याचे वाटत होते. सर्जन म्हणाले, दिसत होतं तेवढं काढलंय, तुकडा लॅबला गेला, रिपोर्टला वेळ लागेल. पायरी कुठली ते तेव्हा. बरा आहे का न्हाई, कुणी बोललं नाही.

संध्याकाळी मॅडम राउंडला आल्या. जाताना श्री त्यांच्यामागं बाहेर गेला. दार अर्धं उघडं होतं. तो मान खाली घालून बोलत होता, मॅडम ऐकत होत्या. मधेच त्यांनी खिशातून पेन काढला. माझ्याबद्दल विचारत होता की स्वतःबद्दल, ऐकू आलं नाही. डोकं उचलायचं नव्हतं.

आत येऊन म्हणाला, चहा आणू का.

आण म्हणालो.