बर्फावरची काजळी

तलमडुगु,
३० मार्च १९९१

प्रिय बाबाराव,

तुझं पत्र मिळालं. ते वाचल्यापासून तुझ्यावर इतकी चिडले आहे की समोर असतास तर कान धरला असता. फौजेत जाऊन मिशा आल्या तरी दीर माझाच, माझ्याकडून चड्डीची नाडी बांधून घेणारा. घरी तशी खुशाली आहे. ज्वारी निघाली, आत्याबाईंचे गुडघे दुखतातच. पण अमावास्येला आपल्या घरात काय होणार आहे ते ऐक.

तू लिहिलंस की लडाखात तुमच्या चौकीवर काळा बर्फ पडला. तुमच्या साहेबांचा अंदाज असा की कुवेतच्या तेलविहिरी पेटल्यात, त्यांचा धूर वर चढतो, पश्चिमेचा वारा त्याला शेकडो कोस ओढून आणतो. कण इतके बारीक की वाटेत खाली बसतच नाहीत, आणि उंच डोंगर आडवे आले की बर्फासोबत उतरतात. इथवर ठीक. पण त्यातली चिमूटभर काजळी पुडीत बांधून, वर 'दादाच्या कुवेतहून आली' असं लिहून धाडायची काय गरज होती?

पत्र मीच मोठ्यानं वाचलं. मामाजींनी पुडी उघडली, बोट बुडवून कपाळाला लावलं आणि रडायला लागले. गेल्या जुलैपासून तुझ्या दादाचं पत्र नाही. त्यांच्याबरोबर गवंडीकाम करणारा नेरडीगोंड्याचा डोमाजी ऑक्टोबरात विमानानं परत आला. तो सांगतो, लढाईतून पळताना सरहद्दीवरच्या छावणीत गर्दीत चुकामूक झाली, पुढं ते दिसलेच नाहीत. मी मामाजींना परोपरीनं समजावलं. आदिलाबादेत जिनिंगजवळच्या लिंबांवर कापूस उडून बसतो, तो कोणाच्या शेतातला हे कोण सांगेल, असं म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "पोरी, येवढ्या लांबून दुसरं काही नाही आलं, हेच काऊन आलं? माह्या पोराची राख हाय हे."

आता ती पुडी लाल फडक्यात बांधून देवळीत ठेवली आहे. अमावास्येला ती बासरला गोदावरीत सोडायची. भटजींना सांगून झालंय. त्याच दिवशी माझ्या बांगड्या फुटणार. गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. शेजारच्या मालनबाई तर कालपासून माझ्याशी हळू आवाजात बोलतात. माझ्या बाजूनं एकट्या आत्याबाई, शेवटी आई ना त्या. काल त्यांनी माझ्या हातात आणखी दोन हिरव्या बांगड्या भरल्या आणि मामाजींकडे पाठ करून बसून राहिल्या. मला भीती वाटते, बाबाराव. पुडी चुलीत टाकावी असं दहादा मनात आलं, पण हातात घेतली की क्षणभर मलाही ते खरं वाटतं. मग परत ठेवून देते.

तुझ्याकडून तार हवी म्हणून लिहितेय असं तुला वाटेल. हवीच आहे. मामाजींच्या नावानं, 'ही नुसती तेलाची काजळी', एवढीच. पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. काल तुझं पत्र मी एकटीनं पुन्हा वाचलं. ऑगस्टपासून तुझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच असते, दादाची काही खबर आली का. या वेळी तू विचारलंच नाहीस. तुला काही कळलंय का रे? तुला सांगवेना म्हणून ही पुडी धाडलीस का? तसं असेल तर माझ्या समाधानासाठी खोटी तार करू नकोस. अमावास्येपर्यंत रोज पोस्टात जाऊन विचारेन. तार आली नाही तर काय समजायचं ते समजेन, आणि मामाजींबरोबर मीही बासरच्या गाडीत बसेन.

तुझीच,
तुळजावहिनी