सुरमई सुटल्याबद्दलचे कलम

मी, फोर्तुनाता गोल्पेओ, माहेरची आबाइन्सा, वय ७१, राहणार बुलान बंदर, धंदा रिळांवर गरीचा दोरा भरून देणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. माझ्यावर दडपण आणेल असा माणूस या बंदरावर अजून जन्मलेला नाही.

१. राहते घर मुलगी नॉर्मिता हिला. छप्पर गळते. जावई अकरा वर्षे वर बघून "उद्या करतो, आई" म्हणतो. ते दुरुस्त होईपर्यंत त्याने माझ्या खुर्चीत बसू नये.

२. मी गेल्यावर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला डुक्कर कापावे. शेजारीण पुरिताला कातडीचा कुरकुरीत भाग वाढू नये. का, ते तिला ठाऊक आहे.

३. माझा धाकटा भाऊ सिम्प्लिसियो याच्याविषयी. एकोणीस वर्षांपूर्वी जत्रेच्या स्पर्धेत त्याच्या गळाला कमरेएवढी सुरमई लागली होती. तो मूठ फिरवत राहिला, रीळही फिरले, दोरा मात्र आत येईना, आणि मासा गेला. तो भर बाजारात म्हणाला, "मानायच्या हातचा दोरा फक्त बघायला." मानाय म्हणजे थोरली बहीण, मला तसे म्हणणारा तो एकटाच. मी म्हटले, "तुझ्या मनगटातच जोर नाही." तेव्हापासून अबोला. आमच्या टपऱ्या शेजारी-शेजारी, पण निरोप नॉर्मितामार्फत.

आता शपथेवर सांगते. विणलेला बारीक दोरा गुळगुळीत रिळावर थेट भरला की दिसतो झकास, पण ओढ बसताच सगळा गुंडा जागच्या जागी घसरतो. म्हणून आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा. त्या दिवशी पट्टी संपली होती, आणि आत कोण बघतो, असे मला वाटले. चूक माझी होती. त्याच संध्याकाळी मला कळले होते. मला लाज वाटली, आणि दर वर्षी ते सांगणे जास्तच अवघड झाले. हे कलम बाजारात वाचू नये. सिम्प्लिसियोला दोनदा वाचून दाखवावे.

४. टपरी, दोरा भरायचे यंत्र आणि सगळी हत्यारे सिम्प्लिसियोला.

सहीपूर्वीची नोंद: तिसरा साक्षीदार, बर्फवाला, आलाच नाही. नॉर्मिता धावत जाऊन जवळचा माणूस घेऊन आली, तो नेमका सिम्प्लिसियो. मी त्याला कलम तीन वाचून दाखवले. मग कायदाही सांगितला, की साक्षीदाराला वाटा मिळत नाही, सही केलीस तर कलम चार गेले.

तो म्हणाला, "चूक तुझी, हे शाईनं लिहिलंयस ना?"

"लिहिलंय."

"मग टपरी घेऊन काय करू, मानाय? पेन दे."

सबब कलम चार रद्द. टपरी नॉर्मिताला, जिला दोरा आणि केस यांतला फरक कळत नाही.

बुलान, १४ मे २०१९
फोर्तुनाता गोल्पेओ

साक्षीदार:
१. अमादो रेसिएर्दो, होडीदुरुस्तीवाला
२. लुर्देस हामिलो, शिक्षिका
३. सिम्प्लिसियो आबाइन्सा, भाऊ (नाते लिहायला त्याला कोणी सांगितले नव्हते)