चार ओळींचं कुलूप

सोमवार, ७ जुलै
नव्या नोकरीसाठी पोहोचले एकदाची सेमारांगला! खोली काडेपेटीएवढी आहे, पण खिडकीतून बंदरातली जहाजं दिसतात. वसतिगृहाच्या मालकीणबाई, बू मारसिनाह, यांनी गरम टेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि मिरचीची चटणी समोर ठेवून शंभर प्रश्न विचारले. मी नेहमीसारखी नुसती मान हलवत राहिले. गावी, वोनोसोबोला, आईला फोन केला. म्हणाली, सेकार, आता तरी जरा माणसांत मिसळ. बघू.

बुधवार, ९ जुलै
गावातल्या दोनशे इमारतींची कार्डाची दारं आमच्या सर्व्हरला विचारून उघडतात, आमच्या ऑफिसचंही. सकाळी सगळीकडे रांगा लागतात. का, ते आज सापडलं. सर्व्हरचं काम एकदम अनेक धाग्यांवर, म्हणजे शेजारी शेजारी चालणाऱ्या कामांवर, चालतं. दोन धागे एकाच वेळी आले की नोंदी ठेवणारा जुना प्रोग्राम गोंधळायचा. म्हणून बारा वर्षांपूर्वी कुणीतरी कोडमध्ये त्याला कुलूप घातलं. एकाची नोंद होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. तो प्रोग्राम केव्हाच बदलला, कुलूप मात्र कुणी काढलं नाही. आमचे साहेब, पाक वित्योनो, म्हणाले, तू काढ. हे जमलं तर तीन महिन्यांनी नोकरी पक्की.

शुक्रवार, ११ जुलै
काढलं. जेमतेम चार ओळी होत्या. रांगा गायब! साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. जेवायला मात्र एकटीच बसले.

मंगळवार, १५ जुलै
माझ्या कार्डाच्या दोन नोंदी. आठ वाजून दोन मिनिटं, तोच सेकंद, ऑफिसचं पुढचं दार आणि मागचं दार. कोड तीनदा तपासला, बरोबर आहे. साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं तर घरीच जावं लागेल.

गुरुवार, १७ जुलै
बू मारसिनाह भलत्याच खुशीत होत्या. म्हणाल्या, "सकाळी काय हसवलंस गं! रोज अशीच राहत जा की." सकाळी मी त्यांना भेटलेच नव्हते. ऑफिसात शेजारच्या मुलींनी आपणहून जेवायला बोलावलं. किती बरं वाटलं. पण मी बोलायला लागले, तशा त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

रविवार, २० जुलै
आईला फोन केला. म्हणाली, काल तासभर किती छान बोललीस, आज पुन्हा तोंडात मिठाची गुळणी? काल मी फोन केलाच नव्हता. खूप रडले.

मंगळवार, २२ जुलै
पाहिली तिला. भरदुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत, काचेतून. माझाच निळा सदरा. सगळ्यांच्या मधोमध बसून हसत होती. कुणालाच काही वेगळं— वाटेल तरी कसं. तीच बरी आहे माझ्यापेक्षा—

बुधवार, २३ जुलै, सकाळ
कुलूप परत घातलं. कुणाला न विचारता. आता एका वेळी एकच नोंद, म्हणजे माझ्या नावाचीही एकच आत, दुसरीने थांबायचं. पाच मिनिटं बाहेर, मोकळ्या हवेत—

दुपार
दार उघडत नाही. कार्ड लावलं की पाटीवर येतं, थांबा. ती आत होती. मी बाहेर आले तेव्हा ती आतच—

पायरीवर बसले आहे. शेजारच्या मुली समोरून गेल्या. ओळखलंच नाही मला.

आईला फोन लावला. म्हणाली, "जरा थांबा हं, दुसऱ्या फोनवर माझी लेक बोलतेय. आपण कोण?"

आपण. मला आपण—

म्हटलं, आई, मी