थंडीचा रकाना

११ जून
आज फीनिक्सहून एक डॉक्टर आला. दातांचा. नाव हॉक. स्वतःचे दात इतके पांढरे की दुकानात दिवा लावायला नको! त्याला एल्क, म्हणजे इकडचं घोड्याएवढं हरीण, मारायला रायफल हवी — या डोंगरावरून त्या डोंगरावर. "हजार यार्ड," म्हणाला. म्हाताऱ्यानं विचारलं, "आजवर सगळ्यात लांबून काय मारलंत?" डॉक्टरनं बराच विचार केला. मग म्हणाला, "ससा. लहानपणी. वडील बरोबर होते."

म्हातारा म्हणजे ओर्विल ट्वेट, माझा मालक. चाळीस वर्षं इथं मोंटानात हातानं रायफली बनवतोय. तो हसला नाही. मी लेथमागं जाऊन हसून घेतलं.

डॉक्टर गेल्यावर म्हणतो, "केंटकी, ही तू कर. नळीपासून काडतुसापर्यंत सगळी. नीट जमली तर तुझी अक्षरं ठोक."

माझं नाव वेंडेल स्टॅम्पर आहे. दोन वर्षं झाली, पण याच्या तोंडी केंटकीच. मी तिकडून आलो म्हणून. असो. अक्षरं!! डब्ल्यू आणि एस. नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्याच्या आत. बाहेरून कुणाला दिसत नाहीत. पण शंभर वर्षांनी कुणी रायफल खोलली तर तिथं मी असणार. आठवीत शाळा सुटली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, तुझं नाव कुठं लिहिलं गेलंच तर तुरुंगाच्या वहीत.

३० जून
नळी बसवली. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक होता, तोही काढला. डॉक्टरचा फोन — दस्ता काळा बरा की वाळूच्या रंगाचा? एल्कना विचारून कळवतो, असं सांगणार होतो. म्हातारा शेजारीच उभा होता.

२ जुलै
परत फोन. काळा.

२३ जुलै
महिनाभर हेच. बंदुकीची दारू तोलायची, पितळेच्या पुंगळीत भरायची, गोळी दाबायची. चिमटीच्या दहाव्या भागानं वाढवायची, परत पाच काडतुसं, परत माळावर. शिंक आली तर तराजू हलतो, म्हणून श्वास धरून बसायचं. ऊन असलं की नळीला हात लागला तर कातडी चिकटते.

आणि आज — सतराव्या भरणीला — पाच गोळ्या, एक भोक! कागदावर नाणं ठेवलं, पाचही झाकल्या. नाचतच दुकानात गेलो. म्हाताऱ्यानं कागद उजेडात धरला. "बरी आहे." बस्स! या माणसाला स्वर्गात नेलं तरी दाराच्या बिजागऱ्या तपासेल.

मग म्हणाला, "उन्हात सगळेच नेमबाज. दव गोठेल त्या सकाळी परत गोळ्या झाड. मग बोलू."

हा इथला नियम आहे. प्रत्येक रायफलीच्या चापाला एक कार्ड बांधलेलं असतं. त्यावर दोन रकाने — ऊन आणि थंडी. दोन्ही भरल्याशिवाय अक्षरं नाहीत. म्हातारा म्हणतो थंडीत दारू सुस्त होते, गोळी हळू निघते, लांबवर खाली पडते. थंडीत सुस्त होतो तो म्हातारा स्वतः. एकच भोक आहे! आणखी काय पाहिजे?

१९ ऑगस्ट
डॉक्टर सरावाला येऊन गेला. टोपी नवी, बूट नवे, गुडघ्याला बांधायच्या गाद्याही नव्या. झाडायच्या आधीच डोळे मिटतो! पहिल्या गोळीनं माळावरची एक गाय उठून दुसरीकडं जाऊन बसली. निशाणाच्या मानानं तीच जास्त धोक्यात होती.

पण चिकट आहे बेटा. तीन दिवस पोटावर पडून. प्रत्येक गोळी वहीत लिहितो, वारा लिहितो. शेवटच्या दिवशी सहाशे यार्डांवर ताटलीएवढ्या जागेत लागायला लागल्या. जाताना विचारतो, "वेंडेल, नोव्हेंबरात वर बर्फ असेल. थंडीनं काही फरक पडतो का?"
"ते आम्ही बघतो, डॉक्टर. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा."
हसला. राग येत नाही याला. मजाच जाते.

१७ सप्टेंबर
म्हाताऱ्याला मिझूलाच्या इस्पितळात नेलं. खुबा बदलणार. दुकान माझ्या हाती! जाताना गाडीच्या खिडकीतून ओरडतो, "थंडीचा रकाना!" आर्डिस — त्याची बायको — म्हणाली, "आधी तुझा खुबा बघ."

२१ सप्टेंबर
डॉक्टर २४ला रायफल न्यायला येणार. आणि थंडीचा पत्ता नाही! सकाळी शर्टावर हिंडतो मी. दव म्हणजे नुसतं पाणी.

संध्याकाळी म्हाताऱ्याचा फोन. आवाज गुंगीत.
"दोन्ही रकाने भरले?"
कार्ड समोरच होतं. दुसरा रकाना कोरा.
"भरले."
"फरक?"
"नाही."
"मग ठोक तुझी अक्षरं, पोरा."
पोरा म्हणाला. केंटकी नाही.

कार्डावर लिहिलं — २१ सप्टेंबर, पहाट, दव गोठलेलं, फरक नाही. अक्षर चांगलं आलं.

२२ सप्टेंबर
ठोकली. एस जरा तिरका बसला. छान दिसतो.

२४ सप्टेंबर
डॉक्टर घेऊन गेला. लहान बाळ दिल्यासारखी दोन्ही हातांवर घेतली. कार्ड वाचलं, वहीत उतरवून घेतलं. "तू हेही केलंस," म्हणाला. मी बूट बघत होतो.

१ नोव्हेंबर
नाकातला श्वास गोठतो. दुकानाचं कुलूप उघडेना, वर गरम पाणी ओतलं. म्हातारा काठी टेकत हिंडतो, सगळ्यात खोट काढतो. एक अख्खा दिवस मी डॉक्टरच्या काडतुसांच्या दारूच्या डब्याकडं बघितलं नाही.

२ नोव्हेंबर
डॉक्टरचा फोन, खाली गावातल्या हॉटेलातून. उद्या वाटाड्याबरोबर घोड्यांवरून वर जातोय. "फार थंडी आहे रे. अजून काही ध्यानात ठेवायचंय का?"

म्हातारा मागं कानस चालवत होता. आता सांगितलं तर अक्षरं गेली. नोकरीही.

"नाही. मजा करा, डॉक्टर."

नाहीतरी त्याला लागणार थोडंच आहे? झाडाला मारेल. मारू दे.

१० नोव्हेंबर
आला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, दात तेच. काउंटरवर रायफल ठेवली आणि टोपी काढून उभा राहिला, चर्चमध्ये उभं राहतात तसा.

मोठा नर होता म्हणाला. सहाशे चाळीस यार्ड. वारा नाही. आडवा उभा. खांद्यामागं नेम धरला, आणि पुढचा पाय मोडला. तीन पायांवर जंगलात गेला. हा आणि वाटाड्या दोन दिवस बर्फातलं रक्त बघत चालले. तिसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला. संपलं.

"माझा हात हलला," म्हणाला. "रायफलीत काही खोट नाही. मी वाटाड्यालाही सांगितलं, ज्यांनी बनवली त्यांचं नाव खराब करू नकोस. माझा हात हलला." त्यानं हात पुढं केला. रोज लोकांच्या तोंडात सुई धरणारा हात. जरासुद्धा हलत नव्हता.

आता शिकार बंद, म्हणाला. रायफल माझ्याकडं सरकवली. "तू ठेव, वेंडेल. तुझी अक्षरं आहेत ना आत?" म्हाताऱ्याकडं बघून म्हणाला, "काय कागद लागतील ते करा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तोवर त्याची गाडी निघाल्याचा आवाज आला.

११ नोव्हेंबर
जेवताना आर्डिसनं टोमॅटोचं लोणचं वाढलं. म्हातारा बरणीकडं बघून तिला म्हणाला, "हे टोमॅटो कधी तोडलेस?"
"ऑक्टोबरच्या नऊला. दुसऱ्याच दिवशी झाडं गोठली. यंदा पहिल्यांदाच दव गोठलं ते."
"नऊ ऑक्टोबर," म्हातारा म्हणाला. ब्रेडला लोणी लावत राहिला. "टोमॅटो किती दिवस टिकले यंदा, नाही का, केंटकी?"

कार्डावर मी दव सप्टेंबरातच गोठवलं होतं. परत केंटकी.

१२ नोव्हेंबर
पहाटे माळावर गेलो. रायफल आणि काडतुसं रात्रभर बाहेरच ठेवली होती. सहाशे चाळीस यार्ड. पाच गोळ्या. पाचही एका मुठीएवढ्या जागेत — नेमाखाली अकरा इंच.

नवं कार्ड काढलं, थंडीचा रकाना भरला. मागं लिहिलं, तुमचा हात हलला नव्हता. खाली अक्षरं नाही, अख्खं नाव. म्हाताऱ्याला दाखवलं आणि फीनिक्सच्या पत्त्यावर टपालात टाकलं.