सुधाची कोरी ओळ

४ फेब्रु.
दुपारी डोळा लागला आणि थेट शाळेच्या फाटकात पोचले. मी नेहमीसारखी उशिरा; सुधा माझ्यासाठी थांबलेली, म्हणून तीही उशिरा. दोघी उन्हात उभ्या. तिच्या डब्यातली गूळपोळी अर्धी-अर्धी.
त्याच आठवड्यात इंग्रजी वाक्प्रचारांच्या वहीत मी ऐटीत लिहिलं होतं: शाळेत उशिरा आले, पण 'बेटर लेट दॅन नेव्हर'. इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टरनी लाल रेघ मारली. "हे उशीर करणारीने म्हणायचं नसतं. जिला थांबावं लागलं, तिला म्हणू दे." वही दोघींत एक. खालची ओळ सुधाची, तिने कोरीच ठेवली. मला म्हणाली, "थांबले खरी. पण 'बेटर' काही वाटलं नाही, बाई."

९ फेब्रु.
पल्लवी, माझी वर्ध्याची भाडेकरू, हिंजवडीहून आली ती लॅपटॉप उघडूनच. "काकू, क्लायंटला मेल करून राहिली, पाहता का?" काम आठ दिवस उशिरा, आणि पहिलंच वाक्य 'बेटर लेट दॅन नेव्हर'! म्हटलं, "अगं, त्यांना ताटकळत ठेवलंस, आता त्यांचं समाधानही तूच करून घेणार?" हसली. काढलं. साधं 'सॉरी' लिहिलं.

१० फेब्रु.
सुधाला लिहिलेलं पत्र कपाटातून काढलं. शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत तिचा वारज्याचा पत्ता मिळाला तेव्हाचं, महिनाभर पडून. सुरुवात: 'डिअर सुधा, बेटर लेट...' आणि काल पल्लवीला टोकत होते!
तिचं लग्न रजिस्टर, बौद्ध मुलाशी. साक्षीदार मी. 'येते' म्हटलं, गेले नाही. आईला चालणार नाही म्हणून. आईला, की मला? सुधा दुपारपर्यंत कचेरीच्या पायरीवर थांबली होती म्हणे. पस्तीस वर्षं झाली...

१२ फेब्रु.
नवं पत्र. मराठीत, चार ओळी. तू थांबली होतीस. मी भ्याले. माझं चुकलं. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनचं लिहिलं होतं, ते खोडलं. दया म्हणून यायला नको. तिचा फोन नंबर आहे, पण बोलताना मी सारवासारव करीन. पल्लवीने कंपनीच्या बसला जाताना पेटीत टाकलं.

२१ फेब्रु.
पोस्टमन आज नुसता हात हलवून गेला. नारायण पेठेत ऊन तेव्हासारखंच पडतं. कुठूनसा गुळाचा वास.

२८ फेब्रु.
उद्या ऑपरेशन. सुधाचं काही नाही.
पल्लवी, ही रोजनिशी तुझ्या हाती पडेलच. डिक्शनरी तुला. मोत्याच्या कुड्या भाचीला. वाक्प्रचारांची वही सुधाला; पोस्टाने नको, तू स्वतः ने. तिची ओळ अजून कोरी आहे. भरायची का, ते तिचं ती ठरवील. तू काही सुचवू नकोस.
आणि बेल वाजवलीस की दारात थांब. उघडायला वेळ लागला तरी थांब.