हलक्या नाकाची गाडी

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत. मी तर आज जमिनीवरच नाही. मोटार क्लबची वळणांची शर्यत मी जिंकलो! आणि हरवलं कोणाला, तर आमच्या साडूंना. (हो, तेच. दर वर्षी चषक घेऊन आधी आमच्याकडे चहाला येतात आणि तो टेबलावर असा ठेवतात की बशीला जागा उरू नये.)

यंदा मी डोकं चालवलं. आमच्या गाडीची बॅटरी पुढच्या चाकांच्याही पुढे, अगदी नाकाशी. ते धूड उचलताना दोघांच्या कमरा धरतात. त्यामुळे वळणावर गाडी आधी सरळ जायची, मग विचार करून वळायची. म्हणून लिथियमची, एका हाताने उचलता येईल अशी बॅटरी घ्यायचं ठरवलं. दुकानातली एकेक बॅटरी कडेवर घेऊन मी वजनकाट्यावर उभा राहिलो. (दुकानदार शेवटी दुसरी गिऱ्हाइकं पाहायला गेला.) हिचं म्हणणं, बारा किलो उतरवायचेच होते तर तुमच्या पोटावरचे उतरवा, बॅटरीला कशाला त्रास? मी लक्ष दिलं नाही. पोट पुढच्या चाकांच्या मागे येतं.

पण मामा, काय वळली गाडी! मी नुसतं स्टिअरिंगकडे पाहावं आणि तिने नाक फिरवावं. नागमोडी मांडलेल्या शंकूंपैकी एकही पडला नाही. साडूंनी दोन पाडले, तिसरा चाकाखाली फरफटत आणला. इतक्या वर्षांचा सल निघाला हो! चषक हातात घेताना मला रडूच आलं.

आपला विजयी भाचा

ता. क. हे पत्र मैदानातच, गाडीत बसून लिहितो आहे. अभिनंदनाला लोक जमले तेव्हा मी इंजिन बंद करून दिवे, गाणी, हॉर्न सगळं चालू ठेवलं. एवढ्याशा बॅटरीत साठा तो केवढा? आता गाडी हूं की चूं करत नाही.

आणखी एक ता. क. साडू दोरी घेऊन समोर उभे आहेत. मनापासून मदत करायला आलेत, तेच सहन होत नाही. त्यांच्या गाडीमागे बांधून घेऊन चषकासह घरी कसा जाऊ? मामांना महत्त्वाचं पत्र लिहितोय, पुरं झालं की निघू, असं सांगून त्यांना थोपवलंय. तुमचं घर मैदानाला लागूनच, म्हणून हे इथल्या माळीबुवांच्या हाती पाठवतो. तुमच्या बॅटरीवरून माझी गाडी चालू करायला जंपर केबल घेऊन गाडीसकट तडक निघा. तोवर मामींना पत्र लिहायला घेतो, पण कागद एकच उरला आहे.