आमच्या टेकडीवर डास नाहीत

४ ऑक्टोबर
बॉस्कोचा फोन. नाताळला तिघं येणार. बाळाचा बाप्तिस्मा आपल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये व्हावा, हे माझं म्हणणं त्याला पटलंय. सूनबाईंना पटायचंय. जॉविया कंपालात नर्स आहे, त्यामुळे तिला सगळीकडे आजारच दिसतात. म्हणते, वर डास असतील तर बाळ येणार नाही.
कबालेच्या टेकड्यांवर डास? मी इथे जन्मले, शिकले, शिकवून रिटायर झाले. मलेरिया खालच्या लोकांचा. जिथे केळी तिथे मलेरिया, जिथे बटाटे तिथे स्वेटर. वर्गात भूगोल मी असाच शिकवला.
संकल्प: जॉवियाने नाताळला माझी माफी मागावी. प्रेमाने.

९ ऑक्टोबर
जॉवियाचं पार्सल बसने आलं. मच्छरदाणी, औषध लावलेली. अपमान आहे, पण कापड फार सुरेख. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या वेदीवरची लेस आठवली. डोळे भरून आले. ट्रंकेत ठेवली.

१५ ऑक्टोबर
विचारांती सापडलं. टेकडीवर डास नाहीतच, पण असते तर कुठे असते? पायथ्याच्या आमच्या पाणथळात. पपायरस या पाणगवताचं दाट रान, माणसाच्या डोक्यावरून जाणारं. आत अंधार, काळं गार पाणी. कॉन्व्हेंटचं तळं कसं उघडं, चकचकीत. सिस्टर लुडोविका म्हणायच्या, मुलींनो, ज्या पाण्यात आकाश दिसतं ते पाणी निष्पाप.
रान कापायचं.
शेजारीण फाउस्टा पपायरसच्या चटया विणते. ती म्हणाली, टीचर, आता चटया काय तुमच्या आकाशाच्या विणू? मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा एक तुकडा तिला बटाट्यांना दिला. तोंड बंद.

२८ ऑक्टोबर
कापून झालं. ऊन थेट पाण्यावर. गाई प्यायला उतरतात आणि त्यांच्या प्रत्येक खुराच्या खड्ड्यात एक चिमुकलं तळं होतं. शेकडो आरसे, प्रत्येकात आकाश. सिस्टर, पाहताय ना.

६ नोव्हेंबर
छान कल्पना सुचली. आमच्या टेकडीची डोली माझ्या पडवीत टांगलेली असते, कारण डोली-मंडळाची अध्यक्ष मी. वेताची, लांब टोपलीसारखी. कुणी आजारी पडलं की चौघं खांद्यावर घेऊन खाली मोटार-रस्त्यापर्यंत नेतात. पण आमच्याकडे आजारी पडतंय कोण? नुसती लोंबकळते. बाळाचा पाळणा करायचा.
मच्छरदाणी कापून झालर लावली. तीन पदरी. रात्रभर शिवत बसले. इतकं सुंदर काही मी आयुष्यात केलं नाही.

१४ नोव्हेंबर, पहाटे
हल्ली संध्याकाळी स्वेटर लागत नाही. रक्त अजून तरुण आहे. खोऱ्यातलं धुकंही लवकर विरतं. कानाशी एक बारीक सूर वाजत राहतो. अगदी कॉन्व्हेंटच्या हार्मोनियमच्या शेवटच्या पट्टीसारखा. आठवणी अशा कानात साठून राहतात. अंगाला खाज मात्र नव्या साबणाने.

२० नोव्हेंबर
फाउस्टाला ताप. तिचा नवरा झकारिया माणसं घेऊन डोली मागायला आला. झालर नुकतीच इस्त्री केलेली. मी शाळेचा जुना बाक दिला. फाउस्टा त्यावर बसून गेली, यावरूनच कळतं की आजार काही फार नव्हता.
शहरातल्या दवाखान्यात तपासलं तर मलेरिया निघाला म्हणे. साहजिक आहे. ऑगस्टमध्ये ती खाली बहिणीकडे राहून आली होती. सामानातून आला असणार.

२६ नोव्हेंबर
उपाय चालू. खालून येणाऱ्या प्रत्येकाला फाटकाशी निलगिरीच्या पाल्याची धुरी. केळीवाल्याला दिली, केळींना वेगळी. आरोग्य खात्याचा अधिकारी आला, त्यालाही कोट काढायला लावून दिली.
खोकत खोकत म्हणाला, पपायरसच्या सावलीने पाणी गार राहायचं, त्यावर तेलकट साय असायची, अळ्या वाढत नव्हत्या. आता उन्हाने तापलेल्या खड्ड्यांत मजेत वाढतात. रान गेलं म्हणून खोरंही उबदार झालं.
मी त्याला विचारलं, भूगोल कुठे शिकलास? म्हणाला, टीचर, तुमच्याकडेच, चौथीत.
आठवत नाही. मागच्या बाकावर बसत असेल.

८ डिसेंबर
शाळेचे बाक संपले. परवा कुणाला तरी खाली न्यायला झकारियाने स्वतःच्या घराचं दार काढलं. लोक हल्ली फार लवकर झोपून घेतात.
जॉवियाचा फोन. टेकडीवर ताप आहे का, असं सरळ विचारलं. मी म्हणाले, काही लोक आळसावलेत. खोटं नाही ते. तिघं बावीसला निघतात. पाळणा रोज उन्हात ठेवते.

२१ डिसेंबर, संध्याकाळ
आनंदाची गोष्ट. थंडी परत आली. आपली जुनी, खरी टेकडीची थंडी. दोन दुलया, दोन स्वेटर, तरी दात वाजतायत. आता बोलून दाखवावं त्या अधिकाऱ्याने. अक्षर हलतंय, टेबलाचा पाय ढिला असावा.

२३ डिसेंबर
काल दुपारी फाउस्टा आली. बरी झालीय, फक्त वाळलीय. मी म्हणाले, बघ, थंडी. तिने माझ्या कपाळाला हात लावला.
"टीचर, टेकडी गार नाही झाली. तुम्ही तापलाय."
मी बाक मागितला. ती म्हणाली, "बाक तुम्हीच वाटलेत ना सगळे. चला, पाळण्यात बसा."
चौघांनी डोली उचलली. तीन पदरी झालर दोन्ही बाजूंनी हलत होती. बायका मागून पाणी घेऊन येत होत्या आणि हसायचं नाही असं ठरवून खोकत होत्या. झकारिया पुढून म्हणाला, अध्यक्षीणबाई पहिल्यांदाच डोली तपासतायत. खाली रस्त्याला बॉस्कोची गाडी नुकतीच येऊन थांबलेली. काच बंद. काचेमागे बाळ.
जॉवियाने माझी नाडी धरली. मग झालर दोन बोटांत घेऊन उलटसुलट पाहिली.
"आई, ही डोक्यावर टांगायला पाठवली होती मी."
मी म्हणाले, शिवण बघ किती बारीक आहे. तिने झालर सोडली. पण हात सोडला नाही.

२५ डिसेंबर
शहरातलं गेस्टहाउस. औषधं कडू. बाळाचा बाप्तिस्मा इथल्याच चर्चमध्ये झाला, मी या खिडकीतून घंटा ऐकली. आता ते पलीकडच्या खाटेवर एका जाळीत, मी या जाळीत. दोन जाळ्यांतून चेहरा नीट दिसत नाही. नाक माझ्यावर गेलंय, असं वाटतं.
बॉस्कोने विचारलं, रान कापायचं कुणी ठरवलं? मी म्हणाले, सिस्टर लुडोविकांनी.
मग धीर करून विचारलं, बाळ टेकडीवर कधी येईल? जॉविया माझी जाळी गादीखाली खोचत होती.
"पपायरस डोक्यावर जायला किती दिवस लागतात, आई?"
हे मला माहीत नाही. फाउस्टाला विचारायला हवं. ती आधी चटयांबद्दल बोलेल.
सिस्टर, मला क्षमा करा. आकाश वर आहे तेवढं पुरे.